आत गेलेली सहा माणसं

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. म्हणजे मधे मधे "काहीतरीच काय!" म्हणण्यात वेळ जायला नको; ते सगळं शेवटी एकदम म्हणा. खरं बोलणाऱ्या माणसाची मोठी पंचाईत असते. खोटं बोलणारा निदान समोरच्याला पटेल असं बघून बोलतो. खऱ्याला ती सोय नाही. जे घडलं ते सांगावं लागतं, मग ते कितीही ओढूनताणून जुळवल्यासारखं दिसो.

तर, काल मी जंगलात जाऊन आलो. आमच्या त्या नेहमीच्या जंगलात, आमच्याच गाडीने. घाट चढून गेलो आणि, काहीजणांना यातच जास्त रस असेल म्हणून सांगतो, घाट उतरून परतही आलो.

हे काहीजण म्हणजे आमचे जावई. आत्ता समोरच्या खुर्चीत बसलेत. दाताचे डॉक्टर आहेत. माणूस फार चांगला, पण धंद्यामुळे त्यांना एक सवय लागली आहे: प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढचं काम सुरू करायचं. समोरच्याच्या तोंडात कापूस असतो ना! "बाबा, गाडी हल्ली नुसती उभीच असते ना?" असं त्यांनी मागे एकदा विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत आमच्या मुलीने ठरवून टाकलं की गाडी त्यांनी घेऊन जायची. गाडी उभी राहून खराब होते, बाबांना आता घाट झेपत नाही, आणि उगीच जिवाला घोर कशाला. मी म्हटलं, कोण म्हणतं झेपत नाही? रविवारी जंगलात जाऊन दाखवतो. जाऊन आलो तर गाडी इथेच राहील. नाही जमलं तर सोमवारी खुशाल घेऊन जा.

आज सोमवार. दवाखान्याला सुट्टी आहे. गाडीची किल्ली टेबलावर आहे आणि जावईबापूंचा हात किल्लीपासून वीतभर लांब आहे. म्हणून म्हणतो, नीट ऐका. हे शेजारचे वकीलसाहेब आणि वरच्या मजल्यावरचे भूगोलाचे सर, दोघांनाही मी मुद्दाम बोलावून घेतलंय, पंच म्हणून. आणि आमची ही तिकडे कोपऱ्यात मटार सोलत बसली आहे. काल ती पूर्ण वेळ गाडीत माझ्या शेजारी होती. माझं काही चुकलं तर ती बोलेलच. उभ्या आयुष्यात अशी संधी तिने सोडलेली नाही. ती गप्प आहे तोवर माझा शब्दन् शब्द खरा धरून चाला.

आता गाडी काय, आज आहे उद्या नाही. पण त्या जंगलात जायला बस नाही, कोणी सोबत न्यायला तयार नाही. गाडी गेली की ती पायवाट गेली. आणि ती पायवाट म्हणजे काय आहे ते लिफ्ट तपासणाऱ्या माणसालाच कळेल.

मी जन्मभर लिफ्ट तपासल्या. सरकारी निरीक्षक. गावातली एकही उंच इमारत अशी नाही जिच्या अंधाऱ्या खड्ड्यात मी उतरलो नाही. आठवडाभर चार भिंती, ग्रीसचा वास आणि वरून लोंबणारे दोर. रविवार उजाडला की आम्ही दोघं घाट चढून त्या जंगलात जायचो. तिथे वर बघितलं तर दोर नाही, फांद्या. दार धाडकन बंद होत नाही, कारण दारच नाही. ओढ्याच्या कडेकडेने वाट जाते, मधे एक लाकडी पूल आहे, आणि पुलापलीकडे एक आडवं पडलेलं भलंमोठं झाड. त्यावर बसायचं आणि काही तपासायचं नाही. बस, एवढंच.

मग दोन वर्षांपूर्वी ते दुधाच्या गाडीचं प्रकरण झालं. तुमच्यातल्या काहींनी त्याची तिखटमीठ लावलेली आवृत्ती ऐकली आहे, म्हणून अधिकृत सांगतो. घाटातल्या तिसऱ्या वळणावर, ऐन चढावर, पुढचा ट्रक थांबला म्हणून मी थांबलो. ट्रक निघाला, मीही निघालो. दिशा तेवढी वेगळी होती. लोक म्हणतात माझी गाडी मागे गेली. माझं मत असं आहे की रस्ता पुढे गेला. मागे दुधाची गाडी होती, तिच्या नाकाला आमचं शेपूट हलकेच टेकलं. ना ओरखडा, ना थेंबभर दूध सांडलं. पण तो दूधवाला खाली उतरला, माझ्या खिडकीशी आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, ही पुढेपण जाते."

त्या एका वाक्याने माझा घाट जो सुटला तो सुटलाच. बघा, सरळ वर जाणं मला कळतं. सरळ खाली येणंही कळतं. त्याचे नियम मी तोंडपाठ म्हणून दाखवतो. पण हे तिरकं जाणं, हे मला शास्त्रशुद्ध वाटतच नाही. त्यानंतर रविवार आला की कधी माझा गुडघा दुखायचा, कधी गाडीचं टायर. एकदा तर दोघांचं एकदमच दुखलं. डबा भरलेला असायचा, तो ही मुकाट्याने टेबलावर उघडायची, आणि आम्ही खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप बघत जेवायचो.

असो. तर मी जंगलात जाणार ही बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली.

सर प्रथम आले. सरांनी आयुष्यभर मुलांना डोंगर, पठारं आणि खिंडी शिकवल्या. स्वतः मात्र कधी गाव सोडलं नाही. त्यांनी आमच्या गव्हाच्या डब्यावर बोटाने घाट काढून दाखवला.

"घाबरण्यासारखं काही नाही त्यात," सर म्हणाले. "चढ म्हणजे काय? दोन उंचीमधला फरक."

"सर, माझं दुखणं नेमकं त्या फरकातच आहे."

"मग मागे वजन ठेवा. मागची बाजू जड असली की चाकं रस्ता धरून ठेवतात. गाढवाचं नाही का?"

गाढवाचं काय, ते मी विचारलं नाही. सर सांगत बसले असते.

मग वकीलसाहेब आले. त्यांचा सल्ला एकाच वाक्याचा होता. "काहीही झालं तरी कबूल काही करायचं नाही." मी म्हटलं, पण काही झालंच नाही तर? ते म्हणाले, "तेसुद्धा कबूल करायचं नाही."

सरांचं ते वजनाचं मात्र माझ्या डोक्यात घर करून बसलं. कारण आमच्या खात्याचा पहिला नियमच तो आहे. नवीन लिफ्टमध्ये माणूस घालण्याआधी वाळूची पोती घालायची. माणसाच्या वजनाइतकी पोती, मग ब्रेक तपासायचे, मगच माणूस. या नियमाला अपवाद नाही. खुद्द मंत्री आले तरी आधी पोती, मग मंत्री. मी म्हटलं, जो मान लिफ्टला तो गाडीला का नको? माझ्या हाताखाली शिकलेला एकजण आता माझ्या खुर्चीत बसतो. त्याला फोन केला. त्याने भिडेखातर चार पोती पाठवली, वर खात्याचा शिक्का मारलेली, आणि सांगितलं, "सर, या आठवड्यात इस्पितळाच्या लिफ्टची तपासणी आहे. पोती तेवढी न चुकता परत द्या. नाहीतर माझी नोकरी जाईल."

आता चाचणी करायची म्हणजे शेजारच्या सीटवर हिच्या वजनाइतकं वजन हवं. तुम्ही सगळे संसारी माणसं आहात. हा प्रश्न बायकोला कसा विचारायचा याचं शिक्षण आमच्या खात्यात देत नाहीत. मी आपलं कागद-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"अगं, शासकीय कामासाठी एक माहिती हवी होती."

"कसली?"

"शेजारच्या सीटवर एक पोतं ठेवू की दोन?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पेन्सिल खिशात घातली. "एक ठेवा," ती म्हणाली, "आणि त्यातलीही थोडी काढा."

इमारतीच्या तळघरात गाड्या लावायला जो उतार आहे त्यावर मी चाचणी घेतली. पुढे एक पोतं, मागे तीन. उतारावर मधोमध थांबायचं आणि पुन्हा निघायचं. पहिल्या खेपेला गाडी बंद पडली. दुसऱ्या खेपेलाही पडली. तिसऱ्या खेपेला ती पडली नाही, पण तळघरात ज्यांच्या गाड्या होत्या त्या सगळ्यांना अचानक आपापल्या गाड्या बाहेर काढाव्याशा वाटल्या, आणि मी मधोमध. वकीलसाहेबांना कोर्टात जायचं होतं. ते हॉर्न वाजवत होते. मी कबूल काही केलं नाही. शेवटी पोत्यांसकट वर पोचलो, आणि शेजारच्या पोत्याने पूर्ण वेळ "हळू, अहो हळू" असं एकदाही म्हटलं नाही हे मी नोंदवून ठेवलं.

चाचणी झाली म्हणून पोती काढणार होतो. पण गाढव आठवलं, आणि म्हटलं राहू देत. शेजारचं पोतंसुद्धा मागे टाकलं आणि रविवारी सकाळी निघालो.

सपाट रस्ता कसा कापला ते सांगत नाही, कारण सपाट रस्त्याबद्दल मला कोणाचाच आक्षेप नाही. घाटाच्या पायथ्याशी एक चहाची टपरी आहे. तिथे मी गाडी बाजूला घेतली. वर बघितलं. घाट होता तिथेच होता. दोन वर्षांत कोणी तो कमी केला नव्हता. एक ट्रक वर गेला. एक बस वर गेली. एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन चालत वर गेली. आमची गाडी आपली घरघरत उभी. ही समोर बघत बसली होती. मी इंजिन बंद केलं. मग खाली उतरलो, मोठा श्वास घेतला, गाडीला अर्धी फेरी मारली, बसलो, आणि आम्ही निघालो.

"एवढंच?" जावईबापू म्हणाले. "दोन वर्षांची भीती, आणि श्वास घेतला की गेली?"

"श्वास मोठा होता," मी म्हटलं.

पहिलं वळण. गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी वळली. दुसरं वळण. शेजारून एक घार उडत होती. ती मागे पडली. मागे पडताना तिने वळून बघितलं, हे मी शपथेवर सांगतो. तिसरं वळण आलं, तेच ते दुधाचं, आणि पुढे नेमका ट्रक थांबला. आम्ही थांबलो. मागे एक गाडी येऊन टेकायच्या बेतात. मी डोळे मिटून घेतले—

"चालवताना?" जावईबापूंनी विचारलं.

"एकच मिटला. दरीच्या बाजूचा."

"आणि मग?"

"मग काय! ट्रक निघाला. क्लच अर्ध्यावर, हँडब्रेक सुटला, गाडी एक केसभर, अहो केसभरही मागे न जाता अशी निघाली की मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. रागाने नाही. कौतुकाने. कौतुकाचा हॉर्न वेगळा असतो, वकीलसाहेब, तुमचा तळघरातला नव्हता तो."

वकीलसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि मधे काही कबूल केलं नाही.

घाट संपला की जंगलाचं फाटक लागतं. तिथे वनरक्षक असतो. मोठ्या मिशांचा, अत्यंत सभ्य आणि त्याहून जास्त नियमाचा माणूस. पूर्वी तिथे नुसती एक काठी आडवी असायची. आता चौकी झाली आहे, फळा आहे, फळ्यावर सूचना आहेत. तो गाडीला वळसा घालून माझ्या खिडकीशी आला आणि—

"वळसा का घातला?" सरांनी विचारलं. "चौकी तर चालकाच्या बाजूला असते. मी छायाचित्रात पाहिली आहे."

"माणूस सभ्य होता, सर. बायकांच्या खिडकीशी उभा राहून बोलत नव्हता."

सरांनी हवेत बोटाने काहीतरी काढून बघितलं. मी पुढे निघालो.

वनरक्षकाने मागे वाकून बघितलं. "पोत्यात काय आहे?"

"वाळू."

"जंगलात वाळू कशाला?"

मला वकीलसाहेबांचा सल्ला आठवला. "जंगलात वाळू कशाला, हे मी कबूल करत नाही," मी म्हटलं.

त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "तसं बघितलं तर आत वाळू न्यायला बंदी नाही. आजवर कोणी नेलीच नाही, म्हणून नियम केला नाही. पण बाहेर काढायला कडक बंदी आहे. ओढ्याची वाळू चोरतात लोक."

"पण मी हीच वाळू परत नेणार आहे."

"हीच आहे हे कशावरून? वाळूला तोंड नसतं."

"मग इथेच सोडून जातो."

"जंगलात काहीही टाकून जायला मनाई आहे. तो बघा फळा."

"मग चौकीत ठेवून घ्या."

"चौकीत सामान ठेवत नाही. एकाने टोपली ठेवली होती. तीत साप होता."

म्हणजे बघा: पोती आत न्यायला हरकत नव्हती, पण आत ठेवता येत नव्हती आणि बाहेर काढता येत नव्हती. इकडे आमच्या जुन्या शिष्याची नोकरी त्या पोत्यांवर टांगलेली. मागे गाड्यांची रांग. माझ्या मनात आलं, परत फिरू या. घाट चढलो हे काय थोडं झालं? पण फाटकापलीकडे वाट दिसत होती. ओढ्याचा आवाजसुद्धा येत होता. एवढ्या जवळ येऊन माणूस पाइप बघायला परत जात नाही.

वनरक्षकानेच तोड काढली. नियमाच्या माणसालाच नियमातली फट बरोबर सापडते. तो म्हणाला, "माणसांचं एक बरं असतं. जितकी आत जातात तितकी बाहेर यायलाच लागतात. पोती माणसांत धरू का?"

"धरा."

त्याने फळ्यावर खडूने लिहिलं: आत माणसं सहा. आम्ही दोघं आणि चार पोती. आणि बजावलं, "सहाच्या सहा अंधार पडायच्या आत बाहेर दिसली पाहिजेत. नाहीतर शोधपथक निघतं."

मग आम्ही वाटेला लागलो. पोती गाडीतच बसली. त्यांना चालायची सवय नव्हती.

या भागात सांगण्यासारखं काही घडलं नाही. म्हणजे सांगायचं तर मी बरंच सांगू शकतो; अस्वल आणू शकतो, तेही हिच्या डब्याचा वास घेत येईल. पण अस्वल नव्हतं. ओढ्याला पाणी बरं होतं. लाकडी पुलाच्या दोन फळ्या नव्या घातल्या होत्या, त्या जुन्यांपेक्षा पिवळ्या दिसत होत्या. पूर्वी मी पुढे असायचो आणि ही मागे. काल ती पुढे होती आणि थांबून थांबून मागे बघत होती, मी येतोय ना म्हणून. आडवं झाड जागच्या जागी होतं. त्यावर शेवाळ वाढलं होतं आणि एका टोकाला तर नवीन रोपटंच उगवलं होतं. आम्ही मधे बसलो, डबा उघडला. समोर पाइप नव्हते. ही म्हणाली, "आवाज तोच आहे हो." मी म्हटलं, "हो." मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मला बोलल्याशिवाय राहवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्यावरून काय ते समजा.

परत येतो तो गाड्या लावायच्या जागी ही गर्दी! सहलीला आलेली एक बस, सगळी माझ्या वयाची मंडळी, आणि बसचं मागचं चाक चिखलात. ड्रायव्हर जोर लावतोय, चाक जागच्या जागी गरगरतंय, चिखल उडतोय, आणि खाली उतरलेली मंडळी एकमेकांना सल्ले देतायत. कोणी म्हणतं दगड घाला, कोणी म्हणतं फांद्या घाला. दोन्ही घालायला फळ्यावर मनाई. माझ्यातला निरीक्षक जागा झाला. मी गाडी उघडली, एक पोतं ओढून काढलं, तोंड सोडलं आणि सगळी वाळू चाकाखाली ओतली. ड्रायव्हरला म्हटलं, "आता दे." बस गुर्र करून अशी बाहेर आली की पुढे उभी असलेली मंडळी टाळ्या वाजवता वाजवता पळाली. एका बाईंनी मला खारे शेंगदाणे दिले. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, तुमच्यासारखी तयारी करून जंगलात येणारा माणूस मी बघितला नाही." हे त्याचं वाक्य अक्षरशः खरं असावं.

त्या आनंदात आम्ही फाटकाशी आलो. वनरक्षकाने गाडीत डोकावून मोजलं. फळा बघितला. पुन्हा मोजलं.

"आत गेली सहा," तो म्हणाला. "बाहेर पाच."

"बरोबर आहे."

"सहावा कुठाय?"

मी थकलेला होतो, शेंगदाणे तोंडात होते, आणि मनात कसलंही पाप नव्हतं. मी खरं ते सांगून टाकलं. "बसच्या चाकाखाली घातला."

वनरक्षकाच्या हातातला खडू पडला. मागच्या गाडीतली दोन माणसं खाली उतरली. त्याने शिट्टी तोंडात घेतली. बिचारा मधल्या वेळात विसरला होता की सहातली चार वाळूची होती. सकाळपासून कितीतरी माणसं मोजली होती त्याने. मी समजावायला गेलो, "अहो, तो काही बोलला नाही, ओरडला नाही, मी नुसतं त्याचं तोंड सोडलं आणि—"

"अहो, तुम्ही गप्प बसा!" हे आमच्या हिने म्हटलं. मग ती खाली उतरली, मागून रिकामं पोतं काढलं, झटकलं आणि त्याच्यापुढे धरलं. "हा घ्या तुमचा सहावा."

वनरक्षकाने पोत्यावरचा शिक्का बघितला. सकाळचं सगळं त्याला हळूहळू आठवलं. "पण हा केवढा होता," तो म्हणाला, "आणि केवढा झाला!"

"चालून आला ना," ही म्हणाली. "बारीक झाला."

त्याने मिशीवरून हात फिरवला, विचार केला. "होतात," म्हणाला. "चालल्याने होतात बारीक." आणि फळ्यावर लिहिलं: बाहेर सहा.

राहिला घाट उतरायचा. तो तर काय सांगावा! चढण्यात नुसती ताकद लागते, उतरण्यात अक्कल. तिसऱ्या वळणावर समोरून, जावईबापू, एक दुधाची गाडी आली. तीच! तोच दूधवाला. वाट अरुंद. कोणीतरी मागे जायला हवं होतं. आमची गाडी चढावर उलटी अशी मागे नेली, सरळ रेषेत, की दूधवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आणि मी खिडकीतून त्याला नुसता हात केला. दोन्ही हात केले. आणि म्हटलं, "दादा, ही मागेपण जाते, पण आता सांगितल्यावर!"

एवढं सांगून मी थांबलो. सरांनी गुडघ्यावर थाप मारली. वकीलसाहेब म्हणाले, "वा!" हे ते फी घेतल्याशिवाय सहसा म्हणत नाहीत. मी किल्लीकडे हात नेला.

"बाबा," जावईबापू हळूच म्हणाले, "गाडी उलटी नेताना दोन्ही हात खिडकीबाहेर होते?"

माझ्या तोंडात कापूस नव्हता, पण उत्तर देता येईना. डॉक्टर यावेळी वाट बघत बसले होते. खोलीत फक्त मटाराच्या शेंगा मोडल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"गाडी मी चालवत होते," ही म्हणाली.

तिने मांडीवरची सालं परातीत झटकली, उठली, टेबलापाशी आली.

"टपरीपासून वरपर्यंत, आणि वरून पार घरापर्यंत. जावईबापू, मला गाडी येते. यांना शिकवली कोणी असं वाटतं? लग्नाआधी वडिलांचा टेम्पो चालवायचे मी, त्याच घाटाने. पण यांना शिकवल्यावर एकदाही माझ्या हातात दिली नाही त्यांनी, आणि मी मागितली नाही. दोन वर्षं डबे भरून बघितले, म्हटलं एक ना एक दिवस म्हणतील. काल त्या टपरीपाशी शेवटी म्हणाले."

"काय म्हणाले?" सरांनी विचारलं.

"म्हणाले, तू चालव. मला तिथे जायचंय."

तिने किल्ली उचलली आणि कमरेला खोचली. जावईबापूंनी हात मागे घेऊन मांडीवर ठेवला, आणि मला वाटतं ते हसत होते; दाताचा डॉक्टर हसला की बघायला बरं वाटतं. पण मला अशा वेळी गप्प बसणं शोभलं नसतं. इतकी माणसं समोर, पंच हजर, जन्मभराची नोकरी ब्रेक तपासण्यात गेलेली.

"ठीक आहे," मी म्हटलं. "स्टिअरिंग तुझ्या हातात होतं, हे मी एक वेळ कबूल करतो. पण प्रत्येक वळणावर ब्रेक कोणी दाबला? जाताना आणि येताना, पाय दुखेपर्यंत? तो मीच दाबला ना?"

"अहो," ही म्हणाली, "तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये."